भुवडसरांची सही

भुवडसरांनी मला जितक्या वेळा हबकवलं तितकं आयुष्यात दुसऱ्या कोणी हबकवलं नाही. माझ्या नवऱ्याने तर मुळीच नाही. दिसायला म्हणाल तर हबकण्यासारखं त्यांच्यात काहीच नव्हतं. बेताची उंची, रत्नागिरीकडचा काटक बांधा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला निळा शर्ट आणि शर्टाच्या खिशात कायम अर्धा खडू. नवा खडू हातात आला की आधी तो मोडून दोन तुकडे करायचे. "अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो," म्हणायचे. एक तुकडा हातात, दुसरा खिशात. त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट खिशाशी पांढुरके झाले होते आणि ते धुतले तरी तसेच राहायचे.

भाईंदरच्या आमच्या शाळेत मी लागले तेव्हा साठीचं दशक संपत आलं होतं. एका छोट्या संस्थेची माध्यमिक शाळा, कौलारू, खाडीच्या अंगाला. मी इथलीच. वडिलांच्या हयातीत आमची थोडी भातशेती होती, मिठागरात वाटा होता. वडील गेले, वाटा विकला गेला आणि घरात आई, दोन धाकट्या बहिणी आणि माझा पगार एवढंच उरलं. तरी माझ्या डोक्यात ध्येयवादाचं वारं भरपूर होतं. पहिल्याच दिवशी शिक्षकखोलीत मी भुवडसरांना मोठ्या भक्तिभावाने विचारलं, "सर, तुम्ही शिक्षकी पेशात कसे आलात?"

"कर्ज आहे," ते म्हणाले.

पुढे काहीतरी उदात्त येईल म्हणून मी थांबले. ते आलं नाही. आला तो हिशेब. मॅट्रिकला गुण चांगले पडले, घरी दमडी नव्हती, म्हणून सरकारकडून शिक्षणासाठी कर्ज घेतलं. मामा जामीन राहिले. त्या कर्जावर बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. शिक्षकाची नोकरी धरली तर दर वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होत असे. हेडसरांनी वर्षाअखेर दाखला द्यायचा, तो कचेरीत जायचा आणि तेवढं कर्ज उतरायचं.

"दहा वर्षं शिकवलं की मी मोकळा. हिशेब सोपा आहे," ते म्हणाले. "अकराव्या वर्षी एक दिवस थांबणार नाही, बाई. गावी काजूची झाडं आहेत, आई एकटी आहे. जाऊन झाडं बघणार."

मी सुन्न झाले. आमच्या कॉलेजात शिक्षकाला समाजाचा शिल्पकार वगैरे म्हणत, आणि इथे हा माणूस कैद्यासारखी वर्षं मोजत बसलेला. मोजत होते हे अगदी खरं. शिक्षकखोलीतल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूने दहा रेघा ओढल्या होत्या. दर जूनमध्ये एक पुसायचे. हे लपवायचेसुद्धा नाहीत. एकदा स्नेहसंमेलनात संस्थेच्या अध्यक्षांनी व्यासपीठावर त्यांच्या सेवावृत्तीचं कौतुक केलं, तर हे माइकसमोर जाऊन म्हणाले, "सेवा नाही साहेब, फेड आहे. अजून सहा वर्षं." अध्यक्षांच्या गळ्यातला हार अजून ओला होता. मी खाली मान घातली.

स्वभाव म्हणाल तर तुसडा. कोणाला स्वतःच्या पैशाने चहा पाजला नाही. वर्तमानपत्र दुसऱ्याचं वाचायचे आणि तेही आधी. गणित शिकवत आणि मुलाने नुसतं उत्तर सांगितलं की भडकायचे. "उत्तर नको, रीत दाखव." हे वाक्य ते मुलांनाच नव्हे, हेडसरांनाही ऐकवत. एका दुकानदाराला त्यांनी तोंडावर सांगितलं, "तुमच्या मुलाला बीजगणित येणार नाही. त्याचे हाल करू नका, गल्ल्यावर बसवा." बाप आठवडाभर शिव्या देत फिरत होता. पुढे त्या मुलाने बापाचं दुकान दुप्पट केलं ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाबद्दल माझं मत काय झालं असेल ते सांगायला नको. पण मग जानेवारी आला.

आमच्या शाळेला जानेवारी म्हणजे गळती. पावसाळ्यानंतर मिठागरं तयार होत आणि जानेवारीपासून मेपर्यंत मीठ निघे. ज्यांची आईबापं मिठावर कामाला, ती पाचवीपासून नववीपर्यंतची मुलं त्यांच्यामागून जात. बाकावर दप्तरसुद्धा उरायचं नाही. आम्ही सगळे याला सरावलो होतो. "मिठावर गेली," असं म्हणायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. जूनमध्ये त्यांतली अर्धी परत यायची, अर्धी यायची नाहीत.

एका दुपारी भुवडसर शिक्षकखोलीत शिरले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. पँट वर दुमडलेली, चपला हातात, पिंढऱ्यांवर मिठाचा पांढरा थर. मी ओरडलेच, "सर, पडलात कुठे?"

"पडलो नाही. पाचवीचा तास घेऊन आलो."

इंद्रलोक वसाहतीकडे जाताना आज जिथे इमारती लागतात, तिथे तेव्हा नजर पोचेल तिथवर मिठाचे वाफे होते. तिथे बांधावर जाऊन त्यांनी मंजुळा नावाच्या पाचवीतल्या मुलीला गणित घालायचा प्रयत्न केला होता. तिची आई उसळली. हे सगळं मला नंतर मंजुळानेच सांगितलं. आई म्हणाली, "मास्तर, पोर गनिता करीत बसली तं फली कोन वढंल? तुमी वढाल?"

"ओढतो," भुवडसर म्हणाले.

लांब दांड्याच्या लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ हलक्या हाताने काठाला ओढायचं असतं. फळी जरा खोल गेली की खालचा गाळ मिठात येतो आणि मीठ काळवंडतं. बी.एस्सी., बी.एड. भुवडसरांनी अर्धा तास फळी ओढली आणि अख्खा वाफा काळा करून ठेवला. बांधावरची माणसं हसून हसून खाली बसली. मंजुळाच्या आईने त्यांच्या हातून फळी काढून घेतली. "सोरा मास्तर, तुमचा काम न्हाय ता," ती म्हणाली. "पोरीला दुपारची शिकवा. ऊन चरला का आमीपन बसतो."

तो सौदा पक्का झाला. दर जानेवारीपासून मेपर्यंत दहा ते एक भुवडसर मिठागरावर. ऊन चढून काम थांबलं की बांधावर मुलं गोळा होत आणि हे मिठाच्या राशीच्या सावलीला गणित, शास्त्र, जे हाताला लागेल ते शिकवत. फळा नव्हता. ओल्या चिखलावर काडीने आकडे काढायचे आणि हाताने सारवून टाकायचे. दीडला शाळेत येऊन आमच्या वर्गांचे तास. वाटेवरचा चहावाला रोज हटकायचा, "मास्टरजी, आज फिर कीचड में?" आणि हे उत्तर न देता पुढे जायचे, कारण थांबले असते तर चहा घ्यावा लागला असता.

मी एकदा विचारलं, "सर, कर्ज तर वर्गात बसूनही फिटतंय. मग हे कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सोपी बेरीज चुकले. "दाखल्यावर लिहिलेलं असतं, या वर्षी यांनी अध्यापन केलं," ते म्हणाले. "मुलं मिठावर आणि मी रिकाम्या वर्गात. ते अध्यापन कसं? सरकारला फसवायचं मला जमणार नाही."

या माणसाबद्दल मी इतकं चुकीचं मत करून घेतलं होतं, की घरी जाऊन आईला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता त्या सहीबद्दल. आमचे तेव्हाचे हेडसर मनाने मोठे, पण कागदाला भिणारे. त्यांनी भुवडसरांचे तास दुपारनंतर लावून दिले. मिठावरच्या मुलांची हजेरी शाळेच्या कॅटलॉगात लावायला सांगितली. पण हे कुठे लिहून ठेवलं नाही. शाळा अकराची. अकरा दहाला शिक्षकांच्या हजेरीचं मस्टर त्यांच्या कपाटात बंद व्हायचं, आणि भुवडसर यायचे दीडला. "त्यांची सही कोणीतरी मारून टाका हो," हेडसर म्हणाले. माझ्या नावाची ओळ भुवडसरांच्या बरोबर खाली होती. मी मारून टाकली.

खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. भुवडसरांची मूळ सही अगदी रुक्ष, खडू मोडावा तशी मध्येच तुटलेली. मी शेवटच्या अक्षराला खालून एक लांब शेपूट काढायला लागले आणि शेपटीखाली दोन टिंबं. वर्षं गेली, हात बसला. एकदा जूनमध्ये पगारपत्रकावर भुवडसरांनी स्वतः सही केली तर आमचा क्लार्क म्हणाला, "सर, ही तुमची वाटत नाही." सगळे हसलो. भुवडसरही चक्क हसले. "बाईंची माझ्यापेक्षा बरी आहे," म्हणाले. शिक्षकखोलीत हसायला असं काही फार मिळत नसे, त्यामुळे तो विनोद आम्हाला बरीच वर्षं पुरला.

दहावं वर्ष आलं तेव्हा आणीबाणी चालू होती. जुने हेडसर निवृत्त झाले होते. नवे हेडसर येऊन सहा महिने झाले होते आणि ते कपाटाची किल्लीसुद्धा दोनदा तपासायचे. भुवडसरांचं दुपारचं वेळापत्रक त्यांनी तसंच राहू दिलं, सहीचं मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हजेरीवरून लोकांच्या नोकऱ्या जात असल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या. तरी जानेवारी लागल्यावर मी शेपूट काढत राहिले. त्यात काही वावगं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे ती इतकी साधी गोष्ट होऊन बसली होती. कपाटाच्या दारावर एकच रेघ उरली होती. मंजुळा आणि मिठावरची आणखी सहा मुलं तेव्हा दहावीत होती. त्यांची एस.एस.सी.ची परीक्षा मार्चमध्ये होती आणि हॉल तिकिटं यायची होती.

फेब्रुवारीत एका सकाळी साडेअकराला कर्जाच्या कचेरीतून एक अधिकारी आले. शेवटच्या हप्त्याच्या माफीआधी पडताळणी करायची म्हणाले. माणूस सभ्य होता. चहा नको म्हणाला, मस्टर मागितलं. त्या दिवसाच्या पानावर भुवडसरांची सही होती, शेपटीसकट. "बोलवा त्यांना," अधिकारी म्हणाले.

हेडसरांची खोली आणि शिक्षकखोली यांच्या मध्ये फक्त ते रेघांचं कपाट होतं. मला सगळं ऐकू येत होतं. शिपाई वर्गावर्गांतून फिरून परत आला आणि म्हणाला, भुवडसर नाहीत. मग बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. अधिकाऱ्यांनी मागच्या वर्षांची मस्टरंही काढायला लावली होती.

दीड वाजता भुवडसर आले. पाय चिखलाचे, चपला हातात. त्यांना कोणी काही सांगायच्या आत आतून हाक आली.

"ही सही तुमची?"

"नाही."

हो म्हणा, मी मनात म्हणत होते. नुसतं हो म्हणा.

"जानेवारी ते मे, दर वर्षी वेगळी सही. जून ते डिसेंबर वेगळी. हे काय आहे?"

"जानेवारी ते मे मी सकाळी शाळेत नसतो. सही माझ्या सांगण्यावरून झाली."

"कोणी केली?"

"ते सांगणार नाही."

"मग असता कुठे?"

या प्रश्नावर मात्र ते थांबले. मिठागरावर शिकवत असतो, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. चाळीस माणसांनी बांधावरून येऊन साक्ष दिली असती. अधिकारी स्वतःच पुढे म्हणाले, "बाहेर कुठे शिकवत असाल तर सांगा, मी लिहून घेतो. मुलांचा कॅटलॉगही मागवतो, ताडून बघू."

"कॅटलॉग नको," भुवडसर म्हणाले. "मी नव्हतो. तेवढंच लिहा."

तेव्हा मला समजलं. कॅटलॉगात मिठावरची मुलं शाळेत हजर होती. तो उघडला असता तर मंजुळा आणि बाकीच्या सहा जणांची हजेरी गेली असती आणि हजेरीबरोबर परीक्षा.

अधिकाऱ्यांनी आवाज खाली आणला. त्यांनाही हे नकोसं झालं होतं, एवढं कळत होतं. म्हणाले, अर्धी वर्षं गैरहजर असलेल्या माणसाचं एकही वर्ष पूर्ण धरता येत नाही. तुम्ही स्वतः माफी सोडा, आतापर्यंत मिळालेलीही, तर मी ही मस्टरं इथेच ठेवतो. नाहीतर ती पुढे जातील आणि मग खोटी सही कोणाची ते शोधणारे शोधतील.

मी खुर्चीवरून उठले. हे अगदी खरं आहे, मी उठले होते. दोन पावलांवर दार होतं. पण मी कपाटापर्यंत गेले आणि तिथेच उभी राहिले. दार उघडं होतं आणि आतली ती एक रेघ दिसत होती. माझ्या डोळ्यांसमोर आई आली, बहिणी आल्या, महिन्याची एक तारीख आली. पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. भुवडसर माफी सोडल्याचं लिहून देत होते, माझ्यापासून तीन हातांवर, आणि मी तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं मी त्यांच्यामुळे हबकत होते. त्या दिवशी मी स्वतःमुळे हबकले, आणि तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर दारावर पुन्हा दहा रेघा. एक जुनी, नऊ नव्या. त्यांनी पगारातून हप्ते बांधून घेतले होते, पुढच्या दहा वर्षांचे.

शाळा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. म्हटलं, "सर, मी सांगायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "हवं होतं."

समोरचा माणूस रडत असताना कोणीही म्हणतं की जाऊ द्या, मनावर घेऊ नका. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. चपला पायात सरकवल्या आणि मग म्हणाले, "पण सांगितलं असतंत तर कॅटलॉग निघाला असता. तेव्हा नाही सांगितलंत ते बरं झालं. पण हवं होतं."

माझ्यासाठी केलं की त्या सात मुलांसाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं उत्तर दिलं असतं, आणि तीच भीती होती.

मंजुळा पास झाली, गणितात काठावर. भुवडसर तिला म्हणाले, "काठावर म्हणजे पाण्याबाहेर. पुरे." जून उलटला, अकरावं वर्ष सुरू झालं. एक दिवसही न थांबणारा माणूस फळ्यासमोर उभा होता. गावी जाता येत नाही म्हणून त्यांनी आईलाच स्टेशनजवळच्या चाळीतल्या एका खोलीत आणलं. म्हातारी उंबऱ्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगायची, "हयचा पाणी खारा, माणसा बरी हत." मी त्या गल्लीतून जायचं टाळायची. एकदा तिने हाक मारून मला गावचे काजू दिले. ते मी घरी नेले आणि सगळे बहिणींना वाटून टाकले.

पुढच्या जानेवारीपासून भुवडसर पहाटे उजाडताच, फळ्या हलायच्या आधी, मिठावर जाऊ लागले आणि पावणेअकराला शाळेत. मस्टरवर आता नव्या हेडसरांच्या डोळ्यांसमोर सही करावी लागायची. मी आत जायची, माझ्या रकान्यात सही करायची आणि बाहेर यायची. वरच्या ओळीकडे बघायचं माझ्याने होत नसे. दोन वर्षं मी एका हाताने वरची ओळ झाकून सही केली, असं सांगितलं तर कोणाला पटणार नाही.

मग माझं लग्न ठरलं. धाकट्या बहिणी कामाला लागल्या होत्या, आणि मला ठाण्याच्या शाळेत जागा मिळाली. भाईंदरच्या शाळेतला शेवटचा दिवस जानेवारीतलाच होता. मी हेडसरांच्या खोलीत गेले तर मस्टर उघडं होतं आणि भुवडसर नुकतेच आलेले, पायांवर मीठ तसंच. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. त्या दिवशी मी ओळ झाकली नाही, म्हणून दिसलं.

शेवटच्या अक्षराला खालून लांब शेपूट. शेपटीखाली दोन टिंबं.

मी पानाची वरची तारीख पाहिली, मग मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं. हेडसर बघत होते, तरी उलटत राहिले. सगळीकडे शेपूट होतं.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"ते साहेब आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," भुवडसर म्हणाले. "दोन वह्या गिरवून काढल्या. शेपूट येत नव्हतं. बँकेतही बदलून घेतली. आता कोणी जुनी मस्टरं उपसून बसलाच तर या माणसाच्या दोन सह्या आहेत एवढंच दिसेल. दोन माणसं दिसणार नाहीत."

"सर," मी म्हटलं.

"उत्तर जुळतंय ना?" ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी रीत विचारली नाही. नव्या डब्यातून एक खडू घेतला, मोडला, अर्धा खिशात टाकला आणि वर्गाकडे निघाले. व्हरांड्यात त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटत गेले, कडेने पांढरे.

हेडसरांनी पेन माझ्यापुढे केलं. भुवडसरांच्या ओळीखाली मी माझी त्या शाळेतली शेवटची सही केली. ती काही केल्या माझ्यासारखी आली नाही.